राजा गेला, राजद्रोह राहिला

२०२२ चा जुलै महिना होता. आमच्या तालुक्यात १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती अशा दोन्ही निमित्तांनी शाळांची वक्तृत्व स्पर्धा असते. भाषण मराठीतच करायचं असतं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवतो, त्यामुळे या स्पर्धेची तयारी दर वर्षी माझ्याच गळ्यात पडते.

त्या वर्षी नववीतली एक मुलगी तयार झाली. हुशार आणि थोडी हट्टी. विचार उर्दूत करायची, लिहायची मराठीत. तिने टिळकांवरचं भाषण स्वतः लिहून आणलं. १९०८ चा खटला, मंडालेचा तुरुंग, सहा वर्षांची शिक्षा, सगळं व्यवस्थित मांडलं होतं. शेवटी मात्र तिने आपल्या मनाने दोन वाक्यं घातली होती. सरकारला प्रश्न विचारले म्हणून टिळक लोकमान्य झाले. आमच्या शाळेत दोन वर्षांपासून विज्ञानाचे शिक्षक नाहीत, हा प्रश्न आम्ही सरकारला विचारला तर आम्हाला काय म्हणाल?

मी ती दोन्ही वाक्यं लाल पेनाने खोडली.

"सर, शुद्धलेखन चुकलं का?" तिने विचारलं.

"नाही गं. वेळ जास्त होतोय. चार मिनिटांत बसवायचं आहे."

हे खोटं होतं. भाषण साडेतीन मिनिटांत बसत होतं. तिने काही न बोलता वही उचलली आणि गेली. स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, की सर, तुमच्या मुलीचं मराठी किती स्वच्छ आहे!

ती खोडलेली वाक्यं मला आजही छळतात. त्या वाक्यांवर कुठलंच कलम लागलं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यातही गंमत अशी, की जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचं कलम १२४-अ स्थगित ठेवलं होतं. फेरविचार होईपर्यंत या कलमाखाली नवे गुन्हे नोंदवू नयेत, अशी अपेक्षा न्यायालयाने व्यक्त केली होती. म्हणजे कायदा झोपलेला होता. तरी माझं पेन जागं होतं. मग मी ती वाक्यं नेमकी कुणाच्या सांगण्यावरून खोडली?

याच मुलीने भाषणाच्या सरावात मला आणखी एक प्रश्न विचारला होता. राजद्रोह म्हणजे काय, असं तिने विचारलं, तेव्हा मी शब्द फोडून सांगितला, राजाशी द्रोह. ती लगेच म्हणाली, "लेकिन सर, राजा तो अब है ही नहीं." वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढे गेलो. उत्तर द्यायचं राहून गेलं. ते आज देण्याचा प्रयत्न करतो आहे.

प्रेमाची सक्ती

या कलमाचा जन्म कसा झाला ते आधी पाहू. लॉर्ड मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात राजद्रोहाचं कलम होतं, पण १८६० ची भारतीय दंड संहिता मंजूर झाली तेव्हा ते त्यात नव्हतं. दहा वर्षांनी, १८७० मध्ये, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदा सदस्याने ते परत आणलं. त्या काळात वहाबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुसलमानांच्या हालचालींची सरकारला धास्ती होती. अंबाल्याचा १८६४ चा आणि पाटण्याचा १८६५ चा खटला होऊन गेला होता. शस्त्र उचलणाऱ्यासाठी कायदा होता, पण मशिदीत, बाजारात, गावोगाव फिरून बोलणाऱ्याचं काय करायचं, हा सरकारपुढचा प्रश्न होता. १२४-अ हे त्याचं उत्तर होतं. म्हणजे ज्या कलमाखाली पुढे टिळक तुरुंगात गेले, त्याच्या पाळण्याजवळ फिरत्या मौलवींची भीती उभी होती. हा इतिहास आमच्या समाजातही फार थोड्यांना माहीत आहे.

या कलमाचा सगळा प्राण एका शब्दात आहे. मराठी कायद्याच्या भाषेत त्याला 'अप्रीती' म्हणतात. कायद्याने स्थापन झालेल्या सरकारविषयी अप्रीती निर्माण करणं हा गुन्हा. भाषेचा शिक्षक म्हणून मी या शब्दापाशी नेहमी अडखळतो. उर्दूत याला काय म्हणायचं? बददिली? नाराजी? बेवफाई? तिन्ही शब्द घरगुती आहेत, नात्यातले आहेत. नवरा-बायकोत बददिली येते, भावाभावांत नाराजी येते. ती पोलिसांनी कशी मोजायची?

ती मोजण्याची वेळ १८९७ मध्ये आली. 'केसरी'त शिवजयंती उत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजी महाराजांच्या तोंडची कविता छापून आली. त्यानंतर आठवड्याभरात पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि टिळकांवर खटला भरला गेला. त्यांना जामीन मिळत नव्हता. शेवटी तो दिला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी, आणि त्यासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. प्रत्यक्ष खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला अप्रीतीचा अर्थ समजावून सांगितला, प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारचा द्वेष करणं तर गुन्हा आहेच, पण सरकारवर प्रेम नसणंही गुन्ह्याच्या जवळ जातं! ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवलं आणि तिघा भारतीयांनी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त करून अप्रीतीची व्याख्या आणखी रुंद करण्यात आली.

१९०८ चा खटला आपल्याकडे शाळेतही शिकवला जातो, पण त्यातली एक गोष्ट धड्यात नसते. 'केसरी'तले लेख मराठीत होते आणि ज्यूरीतल्या बहुसंख्य सभासदांना मराठी येत नव्हतं. त्यांच्यासमोर होतं सरकारी कचेरीने केलेलं इंग्रजी भाषांतर. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि त्यातला बराच वेळ भाषांतर कुठे चुकलं, कुठला शब्द मुळात सौम्य असून इंग्रजीत भडक झाला, हे सांगण्यात घालवला. रोज उर्दूतून मराठीत आणि मराठीतून उर्दूत ये-जा करणाऱ्या माणसाला ही व्यथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. त्या वेळी न्यायाधीशाच्या खुर्चीवर होते तेच दिनशा दावर, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता. आता बॅरिस्टर जिना यांनी मागितलेला जामीन त्यांनी नाकारला. ज्यूरीचा कौल सात विरुद्ध दोन असा आला. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षं पूर्ण व्हायची होती.

त्याच वर्षी तिकडे अलिगढमध्ये हसरत मोहानी याच कलमाखाली तुरुंगात गेले. त्यांच्या 'उर्दू-ए-मुअल्ला' मासिकात इंग्रजांच्या इजिप्तमधल्या शैक्षणिक धोरणावर टीका करणारा लेख आला होता. लेख दुसऱ्याचा होता, पण मोहानींनी लेखकाचं नाव सांगितलं नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली. दंडापायी त्यांच्या संग्रहातली पुस्तकं कवडीमोलाने लिलावात गेली आणि हा गझलकार तुरुंगात जात्यावर दळण दळत बसला. मोहानी टिळकांना आपले राजकीय गुरू मानत. माझ्या उर्दूच्या तासाला मोहानी येतात आणि मराठीच्या तासाला टिळक. दोघांचं कलम एक आणि वर्ष एक, हे मुलांना सांगताना मला बरं वाटतं. दोन भाषांच्या मुलांना जोडणारा धागा म्हणून एक तुरुंगाचं कलम वापरावं लागतं, याचं थोडं वाईटही वाटतं.

१९२२ मध्ये पुन्हा तसंच झालं. फेब्रुवारीत मौलाना आझादांना कलकत्त्यात एक वर्षाची शिक्षा झाली, मार्चमध्ये गांधीजींना अहमदाबादेत सहा वर्षांची. दोघांनीही बचाव केला नाही, आरोप मान्य केला. आझादांचं न्यायालयातलं निवेदन 'कौल-ए-फैसल' या नावाने उर्दूत प्रसिद्ध आहे. गांधीजींनी न्यायाधीशांना सांगितलं, की प्रेम कायद्याने पैदा करता येत नाही. अप्रीती या शब्दावर याहून नेमकं भाष्य मी वाचलेलं नाही.

पाटी आणि कलम

इतक्या मोठ्या माणसांना या कलमाने आत घातलं, तर स्वातंत्र्य मिळाल्यावर पहिल्या दिवशी ते फाडून टाकलं असेल, असं कुणालाही वाटेल. सुरुवातही तशीच झाली होती. घटनेच्या मसुद्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याला मर्यादा घालणाऱ्या कारणांमध्ये राजद्रोह हा शब्द होता. डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांनी तो काढायला लावला. सरकारवरची टीका हाच लोकशाहीचा गाभा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. शब्द घटनेतून गेला. दंड संहितेतून मात्र कुणीच काढला नाही.

१९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत पंडित नेहरूंनी या कलमाबद्दल संसदेत अतिशय कडक शब्द वापरले. ते जितक्या लवकर जाईल तितकं बरं, असंही सांगितलं. पण त्याच घटनादुरुस्तीने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या मर्यादांमध्ये 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे शब्द आले, आणि पुढे याच शब्दांच्या आडोशाला हे कलम वाचलं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात टिळकांना शिक्षा झाली, तिथे त्यांचे शब्द कोरलेली संगमरवरी पाटी आहे. ती बसवली १९५६ मध्ये, आणि तिचं अनावरण केलं मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी. १८९७ मध्ये तय्यबजींचा जामीन आणि १९५६ मध्ये छागलांची पाटी. टिळकांच्या खटल्यांच्या दोन्ही टोकांना मुंबईचे दोन मुस्लिम न्यायमूर्ती उभे आहेत, ही गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगतो. पण त्या पाटीचीच दुसरी बाजूही आहे. अनावरणाच्या थोडंच आधी, १९५५ च्या कायद्याने, काळ्या पाण्याची शिक्षा रद्द झाली आणि कलम १२४-अ मध्ये तिच्या जागी 'जन्मठेप' हा शब्द आला. म्हणजे एकीकडे आपण टिळकांच्या शिक्षेबद्दल पाटी लावून प्रायश्चित्त घेत होतो आणि दुसरीकडे त्यांना शिक्षा देणारं कलम नव्या शब्दांनिशी सांभाळून ठेवत होतो.

दरम्यान पंजाब आणि अलाहाबादच्या उच्च न्यायालयांनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं, पण एक अट घातली. नुसती टीका, कितीही कडक असली तरी, राजद्रोह नाही. हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देण्याचा हेतू किंवा कल हवा. हा निकाल आजवर ढालीसारखा सांगितला जातो. मात्र ज्यांच्या नावाने ही ढाल ओळखली जाते, त्या केदारनाथांचं स्वतःचं अपील फेटाळलं गेलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट १९७३ ची. इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत राजद्रोहासाठी पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नसे. आपण १९७३ मध्ये नवी संहिता केली आणि हा गुन्हा दखलपात्र केला. १ एप्रिल १९७४ पासून वॉरंटशिवाय अटक करता येऊ लागली. टिळकांना पकडायला इंग्रजांच्या पोलिसांना वॉरंट लागत होतं. स्वतंत्र भारताच्या पोलिसांना त्याची गरज उरली नाही.

त्यामुळे हा कायदा 'चुकून राहून गेला' असं म्हणण्यात अर्थ नाही. जुनं कपाट अडगळीत पडून राहतं तसा हा राहिलेला नाही. आपण त्याला तेलपाणी केलं, कुलूप बदललं आणि वापरलं.

सोय कुणाची?

का राहिला, याचं पहिलं उत्तर सरळ आहे. जो खुर्चीवर बसतो त्याची यात सोय असते. विरोधात असताना प्रत्येकाला हे कलम जुलमी वाटतं. काँग्रेसने २०१९ च्या जाहीरनाम्यात ते काढण्याचं वचन दिलं, पण त्याआधी त्यांच्या हातात कित्येक दशकं सत्ता होती. २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत याच कलमाखाली अटक झाली, तेव्हा राज्यातही आणि केंद्रातही काँग्रेस आघाडीचंच सरकार होतं. तमिळनाडूत कुडनकुलमच्या अणुऊर्जा प्रकल्पाला विरोध करणाऱ्या हजारो गावकऱ्यांवर राजद्रोहाचे गुन्हे नोंदले गेले, तेही त्याच सुमारास, एका प्रादेशिक पक्षाच्या राज्यात. पक्षाचा रंग कुठलाही असो, कलम सगळ्यांच्या हाताला बसतं.

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. मलेशियातला राजद्रोहाचा कायदा १९४८ चा, इंग्रजांनीच केलेला. २०१२ मध्ये पंतप्रधान नजीब रझाक यांनी तो रद्द करण्याचं जाहीर वचन दिलं आणि २०१५ मध्ये त्यांच्याच सरकारने तो आणखी कडक केला. झुनार या व्यंगचित्रकारावर त्या वर्षी त्या कायद्याखाली नऊ आरोप ठेवले गेले. २०१८ मध्ये नजीब हरले, कायदा रद्द करण्याचं आश्वासन देणारी आघाडी सत्तेवर आली, झुनारवरचे आरोप मागे घेतले गेले, पण कायदा तसाच राहिला. ज्या ब्रिटनने हे कायदे जगभर वाटले, त्याने स्वतःकडचा २००९ मध्ये रद्द केला. तेव्हा तिथल्या सरकारने एक कारण असंही दिलं, की आमच्याकडे तो नावापुरता असला तरी इतर देश आमच्याकडे बोट दाखवून आपला वापरतात. बोट दाखवायची जागा गेली, कायदे राहिलेच. पाकिस्तानच्या दंड संहितेतही तोच १२४-अ आहे. मार्च २०२३ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. फाळणीत रेल्वे, फौज, टेबलं-खुर्च्या सगळं वाटून घेतलं गेलं. हे कलम मात्र न वाटता दोघांकडे अख्खंच गेलं.

दुसरं कारण असं, की शिक्षा व्हावी यासाठी हे कलम लागतच नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०१४ ते २०१९ या सहा वर्षांत राजद्रोहाचे ३२६ गुन्हे नोंदले गेले. आरोपपत्र दाखल झालं १४१ मध्ये. दोषी ठरले सहा जण. एखाद्या परीक्षेत ३२६ मुलं बसली आणि सहा पास झाली, तर शिक्षणाधिकारी आम्हाला धारेवर धरतील. इथे मात्र हा निकाल कुणाला खटकत नाही, कारण काम आधीच झालेलं असतं. अटक, अजामीनपात्र गुन्हा, वकिलाची फी, गेलेली नोकरी, मोडलेलं लग्न, शेजाऱ्यांच्या नजरा. पाच वर्षांनी निर्दोष सुटलेल्या माणसाला ती पाच वर्षं कोण परत देणार?

तिसरं कारण न्यायालय आणि पोलीस ठाणं यांच्यातल्या अंतराचं आहे. केदारनाथ निकाल दिल्लीत आहे, इंग्रजीत आहे. तालुक्याच्या ठाण्यातल्या हवालदारासमोर असतं ते कलमाचे शब्द आणि वरून आलेला फोन. असीम त्रिवेदी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निकाल दिला. त्यानंतर राज्य सरकारने पोलिसांसाठी मराठीत परिपत्रक काढलं. त्यात मूळ इंग्रजी सूचनांचा अर्थ असा काही बदलला होता, की लोकप्रतिनिधींवरची टीकासुद्धा राजद्रोहात बसू शकली असती. ओरड झाली आणि त्याच वर्षी ते परिपत्रक मागे घ्यावं लागलं. १९०८ मध्ये मराठीचं इंग्रजी करताना अडचण झाली होती, २०१५ मध्ये इंग्रजीचं मराठी करताना झाली. मधे एकशे सात वर्षं गेली.

नाव बदललं

आता राजद्रोह गेला, असं आपल्याला सांगण्यात येतं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही. ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. 'सरकारविषयी अप्रीती' हे शब्दही गेले, आणि ते जायलाच हवे होते.

पण कलम १५२ वाचा. देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारं कृत्य, अगदी शब्दांतून किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून केलेलंसुद्धा, जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेला पात्र आहे. जुन्या कलमात जन्मठेपेच्या खालची कैद तीन वर्षांपर्यंत होती, ती इथे सात वर्षांपर्यंत झाली आहे. २०२३ मध्ये विधी आयोगानेही जुनं कलम ठेवावं आणि तीनाची सात वर्षं करावीत, अशीच शिफारस केली होती. कायदा वसाहतकाळातला आहे एवढ्याच कारणाने तो रद्द करता येत नाही, असं आयोगाचं मत होतं. 'विध्वंसक कारवाया' म्हणजे काय, याची व्याख्या नव्या कलमात नाही. व्याख्या नसली की ती ठाण्यात तयार होते.

भाषेचा माणूस म्हणून मला या बदलात एक गोष्ट अधिक गंभीर वाटते. राजद्रोह हा शब्द जुनाट होता, पण प्रामाणिक होता. त्यात राजा दिसत होता. द्रोह कुणाशी, तर सत्तेवर बसलेल्याशी, हे स्पष्ट होतं. म्हणून टिळक, आझाद, गांधी छाती पुढे काढून सांगू शकले, की हो, मी राजद्रोही आहे. आता बोलीभाषेत त्याची जागा 'देशद्रोह' या शब्दाने घेतली आहे. मी देशद्रोही आहे, असं अभिमानाने कोण म्हणेल? टीकाकाराला उभं राहायला जी थोडी जागा होती, सरकार आणि देश यांच्या मधली, तीच शब्दाने गिळून टाकली.

लाल पेन

इथे मी माझ्या वहीकडे परत येतो. कायदा टिकण्याचं चौथं कारण तिथेच आहे, आणि ते मी स्वतः आहे.

आमचे अब्बा पॉवरलूमवर काम करायचे. चार बुकं शिकलेले, पण उर्दू वर्तमानपत्र रोज वाचायचे. त्यांचा एक नियम होता. सरकारबद्दल जे बोलायचं ते घरात बोला, हॉटेलात नको. आम्ही भावंडं त्यावर हसायचो. आज मी दोन मुलांचा बाप आहे, सरकारी अनुदानाच्या पगारावर जगतो आणि तोच नियम न सांगता पाळतो. व्हॉट्सअॅपवर एखादा संदेश पुढे पाठवण्याआधी अंगठा दोन सेकंद थांबतो. स्टाफरूममध्ये राजकारण निघालं की मी वह्या तपासायला घेतो. मुसलमानाच्या तोंडून तक्रार निघाली की ती तक्रार राहत नाही, तिचं निष्ठेच्या परीक्षेत रूपांतर होतं, हा अनुभव आमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी घेतला आहे. 'गद्दार' हा मूळचा अरबी शब्द. तो उर्दूतून मराठीत आला आणि आता आमच्याकडेच पाठवला जातो.

पण हे सांगून मला स्वतःची सुटका करून घ्यायची नाही. त्या मुलीने मागितलं काय होतं? विज्ञानाचा शिक्षक. त्यात ना मजहब होता, ना पक्ष. हीच दोन वाक्यं शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलाने लिहिली असती, तर तिथल्या गुरुजींनी खोडली नसती का? मी विचारून पाहिलं. तिथले एक ज्येष्ठ सहकारी हसले आणि म्हणाले, "सर, आम्ही तर भाषणच लिहून देतो. खोडायची वेळच येत नाही."

१५० वर्षांहून अधिक काळ जो कायदा टिकला, तो फक्त दिल्लीतल्या आणि मुंबईतल्या फायलींमध्ये टिकलेला नाही. प्रत्येक पिढीला कुणीतरी लहानपणीच शिकवलं, की प्रश्न आणि द्रोह यांच्यात फारसं अंतर नाही, जपून बोल. हे शिकवायला इंग्रज आले नव्हते. आई-बापांनी शिकवलं, शिक्षकांनी शिकवलं. आम्ही ते काळजीपोटी केलं, वाईट हेतूने नाही. पण न्यायालयाने कलम स्थगित केलं, संसदेने शब्द काढला, तरी ही शिकवण स्थगितही होत नाही आणि रद्दही होत नाही.

ती मुलगी आता बारावीत आहे. शास्त्र शाखा घेतली आहे. मागच्या महिन्यात दाखल्याच्या कामासाठी शाळेत आली होती. मी तिला बाजूला बसवलं आणि म्हणालो, "बेटा, तुझ्या भाषणातली ती दोन वाक्यं मी वेळेसाठी खोडली नव्हती."

"मालूम था सर," ती म्हणाली. "घर पे घड़ी लगाके देखी थी मैंने."

मला काही बोलायला सुचलं नाही. तिनेच विषय बदलला, मला सायन्सचे सर मिळाले का ते विचारलं. मिळाले होते, मागच्या वर्षी, पण तासिका तत्त्वावर.

या वर्षीच्या स्पर्धेसाठी आठवीतला एक मुलगा तयार झाला. त्याने अण्णाभाऊ साठे यांच्यावर भाषण लिहिलं आणि शेवटी आपल्या मोहल्ल्यातल्या पाण्याचा प्रश्न घातला. टँकर आठ-आठ दिवस येत नाही, हे नगरपालिकेला कोण सांगणार, अशी ओळ होती. मी लाल पेन उघडलं. 'नगरपालीका' मधली दुसरी वेलांटी ऱ्हस्व केली, 'टॅंकर' चं 'टँकर' केलं, आणि वही त्याला परत दिली.